सिरिल पग्सलीचे दोन नकार

आमच्या हॅदरमला गाव म्हणणं म्हणजे गाव या शब्दाची थट्टा. ओढ्याच्या दोन्ही काठांना मिळून नऊ घरं, एक प्रार्थनाघर आणि टेकडीवर मेजरसाहेबांचं मोठं घर. पब कधी नव्हताच. आमची माणसं शेजारच्या गावात प्यायला जायची आणि भांडत परत यायची. लोहार होता, त्याच्या मागे कुणी भाता धरला नाही. शाळा मी शिकून बाहेर पडले आणि बंद झाली. मी शेवटची म्हणून बंद केली असं माझा नवरा सगळ्यांना सांगायचा. प्रार्थनाघरात आता एक जोडपं राहतं, म्हणजे उन्हाळ्यात चार शनिवार राहतं. माझं घर सोडलं तर सगळ्या दारांना एकच राखाडी रंग आहे आणि प्रत्येक दाराशेजारी सुट्टीवाल्या भाडेकऱ्यांसाठी किल्लीची पेटी, आकडे दाबले की उघडणारी.

माझ्या शेजारच्या घरात सिरिल पग्सली जन्मभर राहिला. मेजरसाहेबांच्या गाईंचं दूध काढायला तो पोरवयातच लागला. माणसांशी तो जेमतेम बोलायचा; त्याचं बोलणं ऐकायचं असेल तर गोठ्याच्या भिंतीआड उभं राहावं लागे. गाईंना मात्र तो सगळं सांगायचा, हवा, बायको, गुडघा, सगळं. मेजरसाहेब गेले, गाई विकल्या, त्याची बायको एडना गेली. घर मोठ्या घराच्याच मालकीचं, पण सिरिलला कुणी काही म्हणालं नाही, म्हणून तो राहिला.

आमच्याकडे एक रीत होती. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच खेपेला हात पुढे करणारा हावरा, आणि एकदा विचारून गप्प बसणारा कंजूष, त्याला मुळात द्यायचंच नव्हतं. थोडक्यात भागवणाऱ्या माणसांनी एकमेकांची अब्रू राखायला काढलेली ही वाट होती. एडनानंसुद्धा सिरिलला लग्नाला दोनदा नाही म्हटलं होतं. दुसऱ्या नकारानंतर हा बाबा सगळं गवत कापून होईपर्यंत तिकडे फिरकला नाही. एडना रोज माझ्याकडे येऊन कुढायची, "मेला विसरला की काय गं?" विसरला नव्हता. मेजरसाहेब एवढे मोठे, पण तेही रीत पाळायचे. सिरिलला ते घर राहायला देताना त्यांनी अंगणात उभ्या उभ्या तीनदा विचारलं होतं आणि मग त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

त्यांचा नातू ह्यूगो शहरात वाढला. तो वाईट नाही, हीच माझी तक्रार आहे. वाईट असता तर तोंड भरून शिव्या तरी देता आल्या असत्या. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तो सिरिलकडे आला. मी वाफाळता मीट-पाय घेऊन गेले होते, आत मांस भरून भाजलेला, वर पिठाचं जाड कवच असलेला, सिरिलला आवडायचा तसा. ह्यूगो उभाच राहिला. म्हणाला, छप्पर गळतंय, दुरुस्त करून घर सुट्टीवाल्यांना द्यावं असं घरच्यांचं म्हणणं आहे. तालुक्याला वृद्धांसाठी चांगली जागा आहे, ऊबदार, जिना नाही.

"पण तुम्हाला इथंच राहायचं असेल मिस्टर पग्सली, तर मी छप्पर नीट करून देतो आणि विषय संपला. मनापासून सांगतोय."

"छे छे," सिरिल म्हणाला, "माझ्यासाठी कशाला एवढा खटाटोप."

ह्यूगोचा चेहरा उजळला. त्यानं सिरिलचा हात हातात घेऊन आभार मानले आणि निघून गेला. सिरिल खूश होता. पोरगं आजोबांवर गेलंय, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं चांगल्या बिस्किटांचा डबा फळीवरून खाली काढला, खुर्ची पुसली, आणि वाट बघत बसला. ह्यूगो आला नाही. सामान हलवणाऱ्यांचा फोन आला.

मग मी टेकडी चढून मोठ्या घरी गेले आणि ह्यूगोला तोंडावर सांगितलं की सिरिलला जायचं नाहीये. तो गोंधळला. "पण ते स्वतः नको म्हणाले. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही का मी?" मी म्हटलं, ठेवू नकोस, जाऊन पुन्हा विचार. त्याला ते पटलं नाही, पण तो माझ्याबरोबर खाली आला. एवढं श्रेय मी त्याला देते.

दारातच त्यानं विचारलं, "मिस्टर पग्सली, नक्की ना? इथं राहायचं असेल तर अजूनही सांगा."

सिरिलनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाही हो, तुमचं ठरलंय ते ठीक आहे. माझ्यामुळे अडायला नको."

दुसरा नकार. आता एकदाच, पोरा, फक्त एकदा. ह्यूगो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या नजरेत मी एक लुडबुडी म्हातारी होते.

"अजून एकदा विचार त्याला," मी म्हटलं.

"तिसऱ्यांदा? अपमान होईल त्यांचा. मोठी माणसं आहेत ती, त्यांना कळतं." आणि तो गेला.

सिरिल माझ्यावर भडकला. उभ्या आयुष्यात तो माझ्यावर आवाज चढवून बोलला तो तेव्हाच. "तू सांगितल्यावर विचारलेलं काय कामाचं? भिकारी करतेस का मला?" मी म्हटलं, मग तू जाऊन सांग, तोंड आहे ना. तो म्हणाला, "विचारायचं त्यानं असतं." मी दोघांनाही मनातल्या मनात लाखोली वाहिली, गाढवाला आणि सभ्य गाढवाला. कोण कुठलं ते आजही माझं ठरलेलं नाही.

आता त्या घरावर 'गवळ्याचं घर' अशी पाटी आहे. छप्पर नवं आहे, झकास झालंय. गोठ्यात गरम पाण्याचा हौद बसवलाय, त्यात माणसं बसून दारू पितात.

सिरिलला भेटायला मी बसनं जाते. तिथल्या मुली गोड आहेत. त्या सांगतात, आजोबांना भूकच नसते, काहीही पुढे केलं की नको म्हणतात. मी त्यांना रीत समजावून सांगितली. एक मुलगी हसून म्हणाली, "एकेकाला तीनतीनदा विचारत बसले तर जेवणं संपणार कधी, आजी?" तिचं चूक नाही. मी गेले की माझ्या डब्यातला मीट-पाय पुढे करते, तीनदा विचारते, आणि तो सगळा संपवतो, कवचाचा चुरासुद्धा. मनगटं काटकीसारखी झालीत त्याची.

परवा खिडकीशी बसलो होतो. बाहेर मोटारी उभ्या, पलीकडे भिंत. मला राहवलं नाही. मी विचारलं, "सिरिल, घरी यायचंय का रे?"

"नको गं."

"खरंच नको?"

"छे, उगाच कशाला कुणाला त्रास," तो म्हणाला, आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत थांबला.

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. विचारून त्याला नेणार कुठे होते?