पुढच्या बैठकीचा विषय

फोन आला तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या वर्गात हजेरी घेत होते. कॉमर्सचे वानखडे सर तास चालू असताना कधी फोन करत नाहीत, म्हणून उचलला. "मॅडम, राठोड सर गेले," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठं?" मग ते म्हणाले, "सकाळी छातीत दुखलं म्हणे. दवाखान्यात नेईपर्यंतच..." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. उरलेली हजेरी घेतली. फळ्यावर त्या दिवसाचा विषय लिहिला. मुलं लिहीत बसली आणि मी खिडकीशी उभी राहून समोरच्या, सरांच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेचा उघडा दरवाजा पाहत राहिले. घंटा झाल्यावर कागद गोळा करून गठ्ठा बांधला, आणि तेव्हा लक्षात आलं, यातला अर्धा गठ्ठा नेहमीसारखा त्यांच्याच टेबलावर ठेवायला मी निघाले होते. आज पाच आठवडे होतील. मला अजून रडू आलेलं नाही. लोक विचारतात, "तुमचं तर चांगलं जमायचं ना?" मी हो म्हणते आणि पुढच्या तासाला जाते.

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजसारखं. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना, मग ती सायन्सची असोत की कॉमर्सची, लेखनाचा एक पेपर सक्तीचा झाला. तो शिकवायचा कोणी, यावरून मराठी आणि इंग्रजी या दोन विभागांत चांगलीच जुंपली. शेवटी प्राचार्यांनी पाच जणांची समिती नेमली आणि ते मोकळे झाले. मराठीची म्हणून मी समन्वयक; इंग्रजीच्या देशपांडे मॅडम, कॉमर्सचे वानखडे, इतिहासाचे गावंडे आणि सायन्सकडून राठोड. समितीनं वर्ग चालवायचा म्हणजे काय, ते पहिल्याच बैठकीत कळलं. पेपरचं नाव काय ठेवायचं यात दीड तास गेला. राठोड सर उशिरा आले, ॲसिडनं भोकं पडलेला ॲप्रन तसाच अंगात. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, मले स्वतःलेच लिहिता येत नाही. माहं नाव काढून टाका." मी म्हणाले, "सर, ऑर्डर निघाली आहे." त्यांनी ऑर्डर मागून घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाले, "बरं. मंग वाचतो."

आणि खरोखरच ते वाचत. आम्ही बाकीचे चौघं लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे लागायचो. राठोड सर मुलांचे कागद प्रयोगवहीसारखे तपासत. काय पाहिलं, कधी पाहिलं, त्यानंतर काय झालं, एवढंच त्यांना हवं असे. समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहीत. एवढीच त्यांची तपासणी. एका मुलानं लिहिलं होतं, 'माझी आई खूप कष्टाळू आहे.' सरांनी बाजूला लिहिलं, 'उठल्यावर पहिलं काय करते?' पुढच्या आठवड्यात त्या मुलानं दोन पानं लिहून आणली. वानखडे सर चिडायचे, "अहो, असे प्रश्न विचारत बसलात तर गुण कधी देणार?" राठोड सर हसून म्हणायचे, "गुण तर द्यायचेच हायेत न. पह्यले समजू तर द्या, काय म्हणून राह्यला तो."

त्यांची ही सवय कुठून आली, ते एकदाच बोलले. मी राळेगावकडची, आमच्या घरी कापूस, तूर आणि वऱ्हाडी बोली. कॉलेजात आल्यावर मी ती बोली इतकी झाडून टाकली की आता आईशी बोलतानाही पुस्तकी वाक्यं येतात. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी पुसदकडच्या तांड्यावरचा. आमच्या घरी गोर बोली, बंजाऱ्याची. पह्यलीत गुरुजीनं इचारलं, सकाळी काय खाल्लं, लिहा. म्या पाटीवर लिहिलं, बाटी. गुरुजीनं ते खोडलं न् भाकर लिहिलं. घरी गेलो, आईले म्हटलं, मले भाकर पाह्यजे. आई म्हणे, ते काय असते?" मी हसले. ते हसले नाहीत. चहा संपवून प्रॅक्टिकल घ्यायला निघून गेले.

आता जे लिहायचं आहे ते मी पाच आठवडे टाळत आले आहे. गेल्या वर्षी राजूरकडची एक मुलगी होती. तिचे वडील कोळसा खाणीत. 'माझं घर' या विषयावर तिनं अख्खा निबंध वऱ्हाडीत लिहिला. त्यातल्या ओळी मला अजून पाठ आहेत. 'बाबा ड्युटीवरून आले का पह्यले अंगणातच बसते. आई काईच इचारत नाही. खोकला आयकूनच तिले समजते, आज किती खाली गेलते.' आमच्या नियमाप्रमाणे लेखन प्रमाण मराठीतच हवं होतं, आणि नियम समितीनंच केलेला. देशपांडे मॅडम म्हणाल्या, "आज एकीला सूट दिली तर उद्या सगळे असंच लिहितील." वानखडे सरांचंही तेच मत. राठोड आणि गावंडे म्हणत होते, निबंध आहे तसा घ्यावा. दोन विरुद्ध दोन. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी निबंध वाचला होता आणि तो चांगला आहे, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "नियम आहे. तिला पुन्हा लिहायला सांगू." काहून म्हणाले, कोण जाणे... कदाचित मराठीच्या बाईनंच असं चालवून घेतलं, असं कोणी म्हणू नये म्हणून.

राठोड सर वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त तो निबंध आपल्याकडे ठेवून घेतला. मुलीनं पुन्हा लिहून दिलं आणि ती पास झाली. काही दिवसांनी सर स्टाफ रूममध्ये आले आणि दोन्ही कागद माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्यावर होतं, 'माझे वडील खाणीत काम करतात. ते खूप मेहनत करतात. आम्हाला त्यांचा अभिमान आहे.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी दोन्ही वाचले. सर उभेच होते. मी म्हणाले, "सर, नियम बदलायला हवा." ते म्हणाले, "मंग बदलवू न." तेवढंच. माझ्या मताबद्दल त्यांनी तेव्हाही काही म्हटलं नाही, नंतरही नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

नियम बदलायचा तर विषय बैठकीत घ्यावा लागतो आणि बैठक मीच बोलावणार. पहिल्या वेळी परीक्षा आल्या. दुसऱ्या वेळी तपासणी समिती येणार म्हणून सगळे फाइली लावण्यात होते. तिसऱ्या वेळी देशपांडे मॅडम रजेवर होत्या आणि त्यांच्या माघारी विषय घेणं बरं दिसलं नसतं. खरं सांगायचं तर मला देशपांडे मॅडमशी वाद नको होता. व्हरांड्यात भेटले की सर विचारायचे, "मॅडम, तो विषय कधी घेता?" मी म्हणायची, "पुढच्या बैठकीला, सर." ते मान हलवायचे. शेवटचं विचारलं ते गेले त्याच्या आदल्या शनिवारी. मी गाडीला किल्ली लावत होते. मी तेच उत्तर दिलं, आणि त्यांनी तशीच मान हलवली.

ते गेल्यानंतर चौथ्या आठवड्यात बैठक घेतली. चौघंच होतो. त्यांच्या खुर्चीवर कोणीतरी बॅग ठेवली होती, ती गावंड्यांनी उचलून खाली ठेवली. मी विषय वाचला: विद्यार्थ्याला आपल्या बोलीत लिहिण्याची मुभा असावी. गावंडे लगेच हो म्हणाले. मी देशपांडे मॅडमच्या बोलण्याची वाट पाहत होते. मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "माझं अनुमोदन लिहा." मग म्हणाल्या, "राठोड सरांसाठी म्हणून नाही हं. ती राजूरची मुलगी यंदा माझ्या वर्गात आहे. काही विचारलं की उभी राहते, आणि बोलतच नाही." वानखडे सरांनी सही केली. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. पुढचा विषय वेळापत्रकाचा होता, तो घेतला.

मागच्या रविवारी सरांच्या घरी गेले. सरांकडे तपासायला दिलेला मुलांचा एक गठ्ठा घरीच राहिला होता, तो घेऊन जा, असा वहिनींचा निरोप होता. वहिनींनी पाणी दिलं. गठ्ठा पिशवीत घालून तयार ठेवला होता, पण त्यांनी पिशवी हातातून सोडली नाही. म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? संध्याकाळी चहा घेता घेता ते मले हे पोराईचे कागद वाचून दाखवत जाय. त्या दिवशी एका पोरीचं वाचून राह्यलते. एस्टी स्टँडवर ठेवलेली तिची सायकल गेली म्हणे. तेवढ्यात पाहुणे आले न् राह्यलं. मंग सकाळी तर..." पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "सापडली का तिची सायकल? मले वाचता येत नाही."

मी पिशवी घेतली आणि गठ्ठ्याची दोरी सोडली. कागद सापडायला वेळ लागला. मग मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून. मुलगी आठ दिवस पायी आली होती. घरी बोलणी बसली होती. नवव्या दिवशी स्टँडवर पेरू विकणाऱ्या बाईनं तिला हाक मारली. 'ते म्हणे, काहून वं, सायकल न्यायची नाही का? उनात टायर फुटलं असतं म्हणून म्या आत ठेवली. तू इचारलंच नाही.'

वहिनी हसल्या. मोकळं हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "म्हणजे तिथंच होती," त्या म्हणाल्या. "हो, तिथंच होती," मी म्हणाले. त्या उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि आतूनच विचारलं, "आणखी हायेत का?"

गठ्ठ्यात अजून बरेच होते. मी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी ओढली आणि पुढचा कागद घेतला.