खर्रा आणि सुई
सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटल्याचा वास आला की मला साकोलीच्या राईस मिलमागची ती जागा आठवते. आमच्याकडे खर्रा एकट्याने खात नाहीत. पुढे आलेल्या पुडीतून चिमूट घेतली नाही, तर समोरचा दुखावतो. नशेची सुईही मी आणि माझा मित्र तशीच वाटून घ्यायचो. मला तेव्हा जगायचंच नव्हतं, मग रोगाची भीती कसली? पुढे बहिणीने ओढतच मला भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली. नंतर एका दुपारी, कोंड्याच्या ढिगाआड, मित्राने त्याची वापरलेली सुई पुढे केली आणि मला चक्क भीती वाटली. मी हात मागे घेतला. "काहून बे, मले रोग हाय का?" तो भडकला. "तुले मालूम नाही, मलेबी नाही," मी म्हणालो, "उद्या रक्त तपासाले जाऊन राहिलो. तूबी चाल." तो शिव्या देत निघून गेला. सकाळी स्टँडवर मात्र माझ्याआधी येऊन उभा होता. एचआयव्ही त्याच्या रक्तात निघाला, माझ्या नाही. आजही गोळ्या आणायला आम्ही एकाच बसने जातो, तो त्याच्या, मी माझ्या. वाटेत खर्रा तेवढा वाटून खातो.