गप्प बसणारे बूट

माणूस भेटला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. माझे व्याही त्याच्या पायांकडे बघतात, आणि त्याच्याविषयी जे काही मत बनवायचं ते तिथल्या तिथे, कायमचं बनवून टाकतात. अशी नजर असलेला दुसरा माणूस निदान परळपासून गिरगावपर्यंत तरी नसावा. आमची पहिली भेट माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हाची. आम्ही भोईवाड्याच्या चाळीतले बौद्ध, ते दादरच्या एका जुन्या वाडीतले कॅथलिक. मुलांनी आपापसांत सगळं ठरवून टाकलं होतं, पण मोठ्यांनी नेमकं काय बोलायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझे मिस्टर वारून तेव्हा चार वर्षं झाली होती, म्हणून थोरले भाऊ सोबत आले होते. त्यांनी घसा खाकरून "आता आपले दोन समाज म्हटल्यावर..." अशी सुरुवात केली, आणि व्याही माझ्या चपलांकडे टक लावून बसलेले. भाऊंचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "सिस्टर, तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे. डावी चप्पल करंगळीपाशी फाटते ना?" फाटत होती. तीस वर्षं मी इस्पितळात नर्सची नोकरी केली, दर वर्षी डावीच चप्पल आधी फाटायची, आणि मी मोच्याला दोष देत आले होते. व्याह्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान आणून उलटं पसरलं, मला त्यावर उभं केलं, आणि स्वतः गुडघे टेकून पेन्सिलीने माझे दोन्ही पाय आखून घेतले. लग्न त्या गडबडीतच कधीतरी ठरलं. मुलाचा बाप मुलीच्या आईचे पाय धरून जमिनीवर बसलाय, हे दृश्य भाऊंनी जन्मात पाहिलं नव्हतं. जिना उतरताना ते एवढंच बोलले, "माणूस विचित्र आहे. पोरगी दे."

व्याही एका कारखान्यात माल तपासायचे. नटबोल्टचा व्यास केसाएवढा चुकला तरी अख्खी पेटी परत पाठवायची, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं, आणि त्यानंतर पेट्या यायच्या बंद झाल्या म्हणून माणसांचे पाय तपासायला घेतले. त्यांच्या कपाटात कॅलेंडरच्या पानांची एक जाडजूड गुंडाळी आहे. तीत घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, चर्चमधल्या फादरांचे आणि गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या माणसाचेही पाय आहेत. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, मी एकदा विचारलं की हे पहिल्यापासून असेच का. त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "माझं तोंड यांनी लग्नाच्या अल्बममध्येच पहिल्यांदा बघितलं असेल." बूट घ्यायला व्याही नेहमी संध्याकाळी सहानंतरच निघतात, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. घरातून रोजचे मोजे घालून जातात, दुकानातले देऊ केलेले मोजे हाताने दूर सारतात. बूट पायात घातला की दुकानाचा जिना तीनदा चढतात, तीनदा उतरतात, मग बाकावर बसून डोळे मिटतात. दादरच्या एका दुकानात त्यांना येताना बघून सगळे सेल्समन एकदम गोडाऊनमध्ये जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "चांगला बूट कसा ओळखायचा सांगू का, सिस्टर?" ते म्हणायचे, "तो गप्प बसतो. टोचत नाही, चावत नाही, आपण पायात आहोत याची आठवणच करून देत नाही." मुलाच्या लग्नातही त्यांनी त्याला इतके ऐसपैस बूट घालायला लावले की फोटोत सूट बारीक आणि बूट होडीसारखे दिसतात. पण जावई रात्रीपर्यंत हसतमुख होता, हे मान्य करायला हवं. टोकदार बुटांतले त्याचे दोन मित्र जेवणाआधीच खुर्च्या शोधत होते.

सायकल हे त्यांचं दुसरं वेड, किंवा खरं तर पहिल्याचीच शाखा. मी निवृत्त झाले तेव्हा माझे गुडघे जिना चढायलाही कुरकुर करत होते. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलं. मी लहानपणी भाड्याची सायकल चाळीच्या मागच्या बोळात फिरवली होती, तेवढाच अनुभव. ही बातमी लेकीकडून व्याह्यांपर्यंत पोचली आणि माझ्या आयुष्याचा ताबा त्यांनी घेतला. सायकल एका दिवसात आली. बूट आणि पेडल यांना मात्र दोन महिने लागले. मी म्हटलं, "व्याहीबुवा, माझे कॅनव्हासचे बूट आहेत की घरी." त्यांनी ते बूट मागवून घेतले, एक हातात धरून पोळीसारखा दुमडला आणि मला दाखवला. "हा बघा. तळवा वाकतो. म्हणजे पेडल थेट पावलाला लागणार. अर्ध्या तासात बोटांना मुंग्या, मग तुम्ही म्हणणार सायकलच वाईट." तळवा कडक हवा, पुढे बोटं पसरायला जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये, आणि नाडीचं टोक आत खोचलेलं हवं, नाहीतर साखळीत जातं. या चार अटींपायी आम्ही सात दुकानं पालथी घातली. दर दुकानात ते माझा मोठा डावा पाय पुढे करायला लावायचे आणि सेल्समनला सांगायचे, "माप याचं घ्या. लहान पाय सांभाळून घेतो, मोठा घेत नाही."

पेडलवरून तर आमचं भांडणच झालं. व्याह्यांच्या स्वतःच्या सायकलला खटक्याची पेडलं होती. बुटाच्या तळाला धातूची एक पट्टी असते, ती पेडलमध्ये खट्‌कन अडकते आणि पाय जागचा हलत नाही; सोडवायचा तर टाच बाहेर फिरवायची. ते बूट घालून व्याही घरात चालले की फरशीवर घोडा चालल्यासारखं वाटे. त्यांचं म्हणणं, एकदा खटका लागला की पाय आणि सायकल एकच होतात. मी म्हटलं, "मला सायकल वेगळी आणि मी वेगळी असंच राहू द्या. सिग्नलला पाय टेकता आला नाही तर?" त्यांनी आधी एक जोडी बसवली, मग दुसरी, मग तिसरी, आणि दर वेळी माझ्याकडून पाना फिरवून घेतला. डावं पेडल उलट्या बाजूला घट्ट होतं, हे मला त्यातूनच कळलं. शेवटी रुंद, सपाट, वर बारीक दात असलेली पेडलं माझ्या वाट्याला आली. चवड्याचा फुगीर भाग पेडलच्या बरोबर मधोमध यायला हवा, म्हणून त्यांनी माझ्या नव्या बुटांवर खडूने रेघ मारून दिली. आणि सांगायला हरकत नाही, गुडघ्यांची कुरकुर महिन्याभरात थांबली. दर रविवारी सकाळी मी भोईवाड्यातून निघायची, ते दादरहून यायचे, आणि आम्ही लालबागवरून पुढे गिरगावपर्यंत जाऊन यायचो. वाटेत ते मागून ओरडायचे, "टाच खाली, सिस्टर, टाच खाली!" रस्त्यावरच्या लोकांना वाटे, कुणी नन सायकल शिकतेय.

मग तो लालबागचा प्रसंग झाला. मसाल्याच्या दुकानांपाशी सिग्नल लागला, मी पाय टेकला, व्याही थांबले, आणि थांबल्या थांबल्या, कुणी ढकललेलं नसताना, झाड पडावं तसे सावकाश डावीकडे कलंडले. खाली लाल मिरच्यांची पोती होती म्हणून वाचले. पण पोतं फुटलं. दुकानदार शिंकायला लागला, गिऱ्हाइकं शिंकायला लागली, आणि व्याही सायकलीला जोडलेल्या अवस्थेत आडवे पडून नम्रपणे "सॉरी हां, सॉरी" म्हणत होते. एक बाई म्हणाल्या, "अहो काका, पाय काढा ना!" "काढतोय," ते म्हणाले, "निघाला असं वाटलं होतं." मला इतकं हसू आलं की मदतीला जायला उशीर झाला. ही गोष्ट दोन्ही घरांत महिनाभर पुरली. लेक तर सोफ्यावर कलंडून नक्कल करून दाखवायची. ते शेवटचं वाक्य मी निदान वीस वेळा सांगितलं असेल आणि वीस वेळा हसले असेन. मी, तीस वर्षं नर्स असलेली बाई.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी, फेरी संपवून आम्ही त्यांच्या घरी चहाला गेलो. व्याह्यांनी उंबऱ्याशी बसून बूट काढले आणि समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या टाचांविषयी काहीतरी सांगायला लागले. त्यांचा डावा मोजा तळाशी लाल होता. मी बूट उचलून उपडा केला. आतून एक स्क्रू पडला, तळाच्या पट्टीचा, ढिला होऊन आत आलेला. "व्याहीबुवा, हे टोचलं नाही तुम्हाला?" ते म्हणाले, "काय?" मी मोजा काढला. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या खाली जखम होती, आणि ती आजची नव्हती. विहीणबाई चहाचे कप घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी कॅलेंडरवर पाय आखायची त्यांचीच पेन्सिल घेतली आणि म्हटलं, "डोळे मिटा. कुठल्या बोटाला लावतेय ते सांगा."

ते डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "लावा ना आधी."

माझी तीन बोटांना लावून झाली होती.

साखर त्यांना दहा वर्षांपासून होती. गोळ्या घेत होते, पण पाय बधिर होत चाललेत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं म्हणण्यापेक्षा, त्यांना ते तसं कळलंच नव्हतं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "इतके महिने काही कळलं नाही?" ते पायाकडे बघत म्हणाले, "सिस्टर, मला वाटलं, एकदाचं बरोबर माप मिळालं. सगळी उमर शोधत होतो ना. वाटलं, हा बूट शेवटी गप्प बसला." मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी गरम केलं आणि जखम धुतली.

इस्पितळात जायला ते तयार होईनात. आयोडीन लावा, पट्टी बांधा, पुढच्या रविवारपर्यंत बरं होईल, हे त्यांचं म्हणणं. विहीणबाईंनी रडून बघितलं, मुलाने फोनवर आरडाओरडा केला. शेवटी मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं, की माझ्या वॉर्डात असे पाय मी मोजता येणार नाहीत इतके पाहिलेत. काही लवकर आले ते चालत घरी गेले, काही पुढच्या रविवारी येतो म्हणाले होते. त्यांनी तो स्क्रूवाला बूट हाताने बाजूला सारला. मग म्हणाले, "चला. पण तिथली स्लीपर मी घालणार नाही."

एक बोट गेलं, पाय राहिला. सहा आठवडे त्यांना पाऊल जमिनीला लावायची परवानगी नव्हती. त्या दिवसांत वॉर्डातल्या माझ्या जुन्या मैत्रिणी मला रोज तक्रारी सांगायच्या. राउंडला आलेल्या सर्जनसाहेबांनी जखम बघून "छान भरतेय" म्हटलं, तर व्याही म्हणाले, "डॉक्टर, तुमचे बूट एक नंबर लहान आहेत. दुपारी चिडचिड होत असेल." सर्जनसाहेब पुढच्या खाटेकडे गेले, पण चार दिवसांनी नवे बूट घालून आले आणि व्याह्यांच्या खाटेशी जरा रेंगाळले, असं सिस्टरांनी पाहिलं. मी मात्र त्यांच्याशेजारी बसले की मला लालबाग आठवायचं. एकदा मी बोलून दाखवलं, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी हसत बसले." व्याही म्हणाले, "हसण्यासारखंच होतं ते. मी पण हसलो असतो, नाकात मिरची नसती तर."

घरी आल्यावर त्यांनी खटक्याची पेडलं स्वतः काढली आणि कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली. आता त्यांच्या सायकलला माझ्यासारखीच रुंद पेडलं आहेत, आणि पायात इस्पितळाने मापाने बनवून दिलेले मऊ अस्तराचे काळे बूट. रोज संध्याकाळी विहीणबाई चष्मा लावून त्यांचे तळवे तपासतात. "आत्ता कुठे मला बघायला मिळतायत," असं त्या म्हणतात. डॉक्टरांनी सायकलला परवानगी द्यायला पाच महिने लावले. पहिल्या रविवारी आम्ही फारच सावकाश गेलो. ते मागून ओरडले नाहीत, मी पुढे गेले नाही.

गिरगावच्या वाळूत ते थांबले आणि म्हणाले, "सिस्टर, दोन मिनिटं पाण्यात पाय घालू द्या." अनवाणी चालायची त्यांना सक्त मनाई आहे, आणि ती करणारी मीच. पण मी पुढे होऊन दहा पावलांची वाळू हाताने चाचपली, एक फुटकी काच आणि दोन शिंपले बाजूला टाकले, आणि मग त्यांचे बूट काढले. ते माझा हात धरून ओल्या वाळूपर्यंत आले. एक लाट आली, त्यांच्या घोट्यांपर्यंत चढली आणि परत गेली. त्यांनी मान खाली घालून ती नीट बघितली.

"पाणी गार आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"गार आहे," मी म्हटलं. "चांगलं गार आहे."

"असणारच," ते म्हणाले, आणि पुढच्या लाटेसाठी थांबले.