सुमीचं बोलतं पुस्तक

हसायचं तर आताच हसून घ्या. माझी फजिती मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगू देणार नाही.

माझी नात सुमी तेव्हा दुसरीत. बोलायला फटाका, पण पुस्तक उघडलं की मुकी. अक्षरं म्हणे मुंग्यांसारखी पळतात. शाळेच्या बाईंनी निरोप धाडला, सहामाहीपर्यंत वाचता आलं नाही तर पुन्हा पहिलीत बसवू.

पुन्हा पहिलीत? माझी नात? अहो, मी शाळेची पायरी न चढता वाचायला शिकले. भाऊ दिव्यापाशी धडा वाचायचा, आणि मी त्याच्या समोर बसून ज्वारी निवडता निवडता तोच धडा उचलायची.

लेक हिंगण्याच्या कारखान्यात होता. त्यानं हौसेनं टेपरेकॉर्डर आणला होता. मी म्हटलं, "गाणे राहू दे गा. याच्यात मी सुमीचं पुस्तक भरते."

भांड्यांचा आवाज नको म्हणून दार लावलं आणि सगळे धडे खणखणीत आवाजात भरले. मग रोज दुपारी दार बंद. टेप बोलायचा, मी पुस्तक धरायची, सुमीचं बोट आवाजाबरोबर शब्दाशब्दावरून चालायचं. हळूहळू मुंग्या थांबल्या. टेप बंद केला तरी पोरगी वाचू लागली. न भरलेला धडासुद्धा!

ठेवणीतलं लुगडं नेसून मी तिला शाळेत नेलं. बाईंनी पुस्तक दिलं. सुमीनं ते फिरवून धरलं आणि उजवीकडून डावीकडे बोट नेत धडाधड वाचलं.

"आजी, हिनं पुस्तक उलटं धरलंय."

"उलटं काहून? असंच तर धरतात."

"मग ही शेळी पाय वर करून कशी चरते?"

"चित्राकडं कोण पाहते बाई? आम्ही वाचून राहिलो."

बाईंनी पुस्तक सुलटं करून माझ्या हाती दिलं. मला एक ओळ वाचता येईना. भावाच्या समोर बसून मी उलटंच शिकले होते. धरमपेठेतल्या दुकानांच्या पाट्या मला कधी धड वाचता आल्या नाहीत, आणि मी जन्मभर पेंटरांना अडाणी म्हणत आले.

बाई डोळे पुसत म्हणाल्या, "वाचता येतंय हिला. पुस्तक सुलटं धरायचं मी शिकवते. दुसरीतच राहू द्या."

घरी येऊन मी सुनेला गाठलं. "मी रोज तुमच्यासमोर उलटा पेपर धरते. एकानंही सांगितलं काहून नाही वं?"

सून पदर तोंडाशी नेत म्हणाली, "आत्याबाई, तुमचा टेप ऐकेपर्यंत आम्हाले वाटे, तुम्हाले वाचताच येत नाही. मग कोण तुमचं मन दुखवते?"

आणि मी पेपर उघडला की सारं घर गप्प व्हायचं, तो मी इतकी वर्षं माझ्या विद्वत्तेचा दरारा समजत होते.