बाटलीतली रिकामी जागा

मागच्या महिन्यात पांढुर्ण्याला आमच्या शेडवर एक मेल आला... जर्मनीहून. तिथल्या एका साबणवाल्याला आमचं संत्र्याच्या सालीचं तेल नमुन्याला पाहिजे होतं. पसंत पडलं तर वर्षभर घेणार.

'वर्षभर' हा शब्द मी परत परत वाचला. सौंसरच्या ज्यूसवाल्याकडून साल आणून आम्ही आठ जणी तेल काढतो. संत्र्याचा बहार संपला की शेडला कुलूप लागतं आणि अर्ध्या जणी मजुरीला निघून जातात. ही ऑर्डर मिळाली तर बाहेरगावाहून साल आणणंही परवडलं असतं, कुलूप लागणार नव्हतं.

नागपूरच्या कुरिअर एजंटला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, फ्रूट इसेन्स लिहून टाका ना, कोण पाहून राहिलं?"

आता आमच्याकडचं शेंबडं पोरही दिव्यापाशी संत्र्याची साल पिळून चटचट ठिणग्या उडवतं. मीही उडवल्या आहेत आणि त्यापायी मारही खाल्ला आहे. जे पेटतं हे मला लहानपणापासून माहीत, ते खोट्या नावानं विमानात कसं चढवू? नाही म्हणजे नाही. नियमानंच पाठवीन म्हटलं, आणि नियम शोधायला बसले.

बाप्पा, काय ते नियम... रस्त्याचे वेगळे, जहाजाचे वेगळे, विमानाचे वेगळे. त्यावर विमान कंपनीचे स्वतःचे, आणि माल जिथे उतरणार त्या देशाचे अजून काही. तेल किती गरमीला पेट घेतं याचा लॅब रिपोर्ट असल्याशिवाय कोणी पुढचं बोलतच नाही.

रिपोर्ट आणला. ज्वालाग्राही द्रव, वर्ग तीन. मग त्यावरून मालाचा नंबर, नंबरवरून पॅकिंग, किती तेल चालेल, खोक्यावर कोणती खूण लावायची... घरचे म्हणाले, सोड ना हा वैताग. पण मी हट्टाला पेटले होते.

शेवटी नागपुरात असा माल पॅक करून कागदावर सही करायचा परवाना असलेले एक साहेब सापडले. त्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली... बाटली काठोकाठ भरायची नाही. तेल गरमीनं फुगतं, वर जागा पाहिजे. मी संध्याकाळी स्वतः लिटरच्या बाटल्या जागा सोडून भरल्या आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शेडवरून बंद खोकं उचलून मी नागपूरला नेलं. साहेबांनी उघडलं तर बाटल्या तोंडापर्यंत भरलेल्या. त्यांनी पॅकिंगला हातच लावला नाही, त्या दिवसाचं बुकिंग गेलं. साबणवाल्यानं दिलेल्या मुदतीत पोचेल असं आता एकच विमान उरलं होतं.

तिथूनच मोठीमायला फोन लावला. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, शेडमध्ये बाटल्या भरायचं काम कायम तिचंच. ती शांतपणे म्हणाली, "हो, म्याच भरल्या सकाळी. पयल्यांदा माल मांगतला त्यानं, अन् तू उण्या बाटल्या पाठवून राहिली होती. मले लाज वाटली."

आमच्याकडे दूध असो की तेल, वरून थोडं घातल्याशिवाय दिल्यासारखंच वाटत नाही. हे मला कळत होतं, तरी राग मावत नव्हता. गाडीत बसून परत येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोलले...

शेडवर आले तर ती दारातच बसलेली, जेवलीही नव्हती. मग ओरडवलं नाही. तिच्याजवळ बसून समजावलं की तेल फुगलं तर झाकण सुटेल, सांडलं तर पेटेल, आणि विमान मध्ये कुठे थांबवता येत नाही.

तिनं खोक्यातली एक बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "मंग बाटली मोठी घे ना. माप पुरं जाईन, जागाबी राहीन."

बरोबर होतं तिचं. लेबलवर एक लिटर लिहून मी तेवढं भरलंच नव्हतं... एजंटला खोटं नाव नको म्हणाले, आणि माप खोटं पाठवत होते. नियमांच्या नादात हे डोक्यातच आलं नाही.

साहेबांना विचारलं, तर मोठी बाटली मर्यादेत बसत होती. भरली मोठीमायनंच, मोजून, वर चांगली चार बोटं जागा ठेवून. त्या उरलेल्या विमानानं नमुना गेला.

काल ऑर्डर आली... वर्षभराची. सगळ्या जणी नाचायच्या बाकी होत्या. मोठीमायनं मात्र एवढंच विचारलं, "माप पुरं निघालं का त्याच्याकडं?"

मी मुद्दाम मेल करून विचारलं. पूर्ण निघालं, असं उत्तर आलं. तिला वाचून दाखवलं, तेव्हा कुठे तिनं जेवायचा डबा उघडला.