स्कॅप्युलाच्या खाली मलम

आज कापूस वेचून घरी आले, तर पाठ धरलेली. पुण्याला नर्स असलेल्या मुलीला फोन केला.

"कोठे दुखस, माय?"

"डावा स्कॅप्युलाना खाले."

ती खूप हसली. खांद्यामागच्या चपट्या हाडाचं हे नाव तिनेच शिकवलेलं. नर्सिंगच्या परीक्षेआधी ती रनाळ्याच्या या घरात माझ्या पाठीवर पेनाने हाडं काढून नावं पाठ करायची. मी हलले की चिडायची.

"मलम लाव," म्हणाली आणि वॉर्डातून हाक आली म्हणून फोन ठेवला.

नाव येतं, पण तिथवर हात पोहोचत नाही. लाटण्याला फडकं बांधूनही पाहिलं.

मैत्रिणींनो, घरी एकट्या असता तेव्हा तुम्ही पाठीला मलम कसं लावता? शेजारणीला बोलवा, असं मात्र लिहू नका.