अळणी जेवणारा विश्राम

माजिवड्याचा विश्राम भोईर दिवसभर खाडीकाठच्या आगरात मीठ ओढायचा आणि घरी येऊन अळणी जेवायचा. भात अळणी, कालवण अळणी, सुक्या मासळीला तर तो हातही लावत नसे. गावाला याचं कुतूहल वाटणारच. कुणी म्हणे, टिटवाळ्याच्या गणपतीला बोललेला नवस आहे. कुणी म्हणे, परमुलखातल्या डॉक्टरने पथ्य सांगितलंय. जन्मभर मिठात उभं राहिल्यावर माणसाला त्याचा वीट येतो, असं एक शहाणा ठासून सांगायचा. स्वतः मात्र ताटात चिमूटभर जास्तच वाढून घ्यायचा. विश्रामला विचारून उपयोग नव्हता. तो हसायचा आणि उठून जायचा.

खरं काय ते विश्रामला ठाऊक होतं आणि त्याच्या बहिणीला, शकूला. पण त्या दोघांनी तो विषय पंधरा वर्षं एकमेकांशीही काढला नाही.

त्याची सुरुवात अठराशे शहात्तर साली झाली. त्या वर्षी बाप गेला आणि अवकाळी पावसाने मिठाच्या राशी धुऊन नेल्या. घरात आई लक्ष्मी आणि पाच वर्षांची शकू. वीस वर्षांचा विश्राम मुंबईच्या बंदरात जाऊन आगबोटीवर खलाशी म्हणून लागला. दोन पावसाळ्यांत परत येतो, असं आईला सांगून गेला. बोट कुठे कुठे फिरली आणि स्पेनचं मीठ भरून नॉर्वे देशातल्या क्रिस्तियानसुंद नावाच्या बंदराला लागली. महिना मार्चचा. विश्राम डेकवर येऊन पाहतो तो समोरचे सगळे डोंगर पांढरेफेक, माथ्यापासून थेट पाण्यापर्यंत. आगरातला माणूस तो, पांढरी रास म्हणजे मीठ, दुसरा विचार त्याच्या डोक्यात येणार कुठून? त्याला पहिली काळजी पडली ती ही, की पावसाआधी एवढ्या राशी झाकायला हे लोक गवत कुठून आणत असतील. दुसरं कोडं असं, की घरचं इतकं असताना यांनी स्पेनचं मीठ मागवलं कशाला?

धक्क्यावर उतरताच त्याने चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. त्याचं पाणी झालं. त्याचा तो चेहरा पाहून धक्क्यावरचा एक दांडगा तरुण इतका हसला, की हसता हसता पोत्यावर बसला. तो आर्ने, मासळीची पिंपं बांधणारा. चारच दिवसांत विश्रामची छाती कफाने भरली, तापाने शुद्ध हरपली, आणि कप्तान त्याला गावातल्या इस्पितळात टाकून निघून गेला. महिनाभर त्याच्या खाटेशी रोज येऊन बसणारा माणूस एकच होता, तो आर्ने. बरोबर बहीण असायची, गुरी. ती खारवलेले मासे खडकांवर पसरून वाळवायचं काम करायची. आभाळ भरून आलं की सगळे गोळा करायचे, ऊन पडलं की पुन्हा मांडायचे. आपल्याकडच्या बायका बोंबील वाळवतात त्यातलाच प्रकार, म्हणून विश्रामला ती पहिल्या दिवसापासून परकी वाटली नाही.

बरा झाल्यावर तो मिठाच्या वखारीत कामाला राहिला. नुसतं तळहातावर चोळून तो मिठाची जात सांगायचा. मासळीचे व्यापारी आधी हसले, मग त्यालाच विचारून माल घेऊ लागले. वर्षभरात भाषाही जिभेवर बसली. बघता बघता दोन पावसाळ्यांची सात वर्षं झाली.

त्या सात वर्षांत तो जगला खरा रविवारी. आर्नेची होडी, तिघं वल्हवणारी, आणि खाडी. चिखल, तिवरं आणि खेकडे म्हणजे खाडी, एवढीच ज्याची ओळख, त्याला ती तळ दिसणारी निळी खाडी आधी खोटीच वाटली. दोन्ही बाजूंनी कडे सरळ आभाळात गेलेले, त्यांवरून धबधबे सुटलेले. होडी बांधून तिघं डोंगर चढायची, भूर्जाच्या झाडांतून, पाय रुतणाऱ्या दलदलीतून, जिथे पिवळसर रानफळं गुडघ्याखाली पिकलेली असत. हिवाळ्यात आर्नेने त्याच्या पायांना लाकडी फळ्या बांधून बर्फावर सोडलं, तेव्हा विश्राम डोंगरावरून पायथ्यापर्यंत बुडावर आला. ती गोष्ट गावात पुढे वर्षभर पुरली. वर कुरणात गुराख्यांची एक झोपडी होती. तिथे गुरी बटाटे आणि मासा एकाच कढईत उकडायची, आणि तिघं त्याच कढईत हात घालून जेवायची. मीठ घालायचं काम विश्रामचं.

एकदा उन्हाळ्यात ती अशीच उंच चढून बसली होती. त्या दिवसांत तिकडे धड अंधारही पडत नाही. गुरीने विचारलं, घरी कोण कोण आहे. विश्रामने आईचं नाव सांगितलं, शकूचं सांगितलं. गुरी उठली, कड्याच्या टोकाशी गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "शकू!" समोरच्या कड्याने ते नाव जसंच्या तसं परत पाठवलं. मग आर्ने ओरडला. मग तिघंही. इतक्या वर्षांत ते नाव विश्रामने दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो तिथेच बसून रडला.

त्र्याऐंशी साली तो निघाला तो शकूचं लग्न उरकून परत येण्यासाठी. आर्ने म्हणाला, तुझं वल्हं मी कुणाला धरू देणार नाही.

माजिवड्यात आल्यावर विश्रामने काय करावं? सगळं सांगत सुटला. संध्याकाळी आगराच्या बांधावर माणसं जमायची. आधी त्यांनी कौतुकाने ऐकलं, मग त्याचं नाव थापाड्या ठेवलं. खरं मानलं ते एकट्या शकूने. बारा वर्षांची ती पोर रोज त्याला गाठून डोंगरावरच्या हाकेची गोष्ट सांगायला लावायची.

पण गोष्टींना पाय फुटतात. शकूचं लग्न डोंबिवलीच्या रघु म्हात्र्याच्या मुलाशी ठरलं होतं. सुपारी फुटायच्या आदल्या आठवड्यात रघु स्वतः खाडी ओलांडून आला आणि त्याने लक्ष्मीला एवढंच विचारलं, की ही गुरी कोण, आणि तुमचा मुलगा तिकडे कुणाच्या हातचं जेवत होता? याचा निकाल लागल्याशिवाय पोर घरात घेणार नाही, असंही सांगून गेला.

गणू पाटलाच्या अंगणात पंच बसले. गणू माणूस वाईट नव्हता, विश्रामच्या बापाचा दोस्त होता. मार्गही त्यानेच काढला. आमच्या आगरांतली मोठी शपथ म्हणजे मिठाची. नव्या मिठाचं सूप समोर ठेवायचं आणि त्यात हात घालून बोलायचं. खोटं बोलणाऱ्याच्या आगरात मीठ धरत नाही, अशी समजूत. काय बोलायचं तेही गणूने सांगून ठेवलं होतं, दोनच वाक्यं. दुसरं वाक्य रघुच्या हट्टाने आलं होतं.

"एवरा बोल, पोरा, नि मोकला हो," गणू म्हणाला.

विश्रामने सुपात हात घातला. पहिलं वाक्य, परक्याच्या हातचं जेवलो नाही हे, त्याने सहज म्हटलं. जेवणाबद्दल खोटं बोलायला माणसाला फार लागत नाही. दुसऱ्यापाशी तो थांबला. बायकांच्या घोळक्यात शकू उभी होती. तिच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि स्वच्छ आवाजात तो बोलला, "तिकरं माजा कुनीबी नव्हता."

वैशाखात लग्न झालं, वाजतगाजत झालं. शपथेनंतरच्या पहिल्या जेवणाला विश्रामने आईला सांगितलं, माझ्या पानात मीठ नको. ज्यात हात घालून तो खोटं बोलला होता, ते आता कुठल्या तोंडाने खाणार?

आता नॉर्वेला परत जायचं म्हणजे शपथ खोटी होती हे आपणच सांगायचं, आणि शकूला माहेरी पाठवायला म्हात्र्यांना कारण द्यायचं. म्हणून तो गेला नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला बोलताही येईना. सगळ्या ठाणे तालुक्यात असा एक माणूस नव्हता, ज्याच्यापाशी त्याने आर्नेचं नाव काढावं. थापाड्या म्हणून का होईना, लोक पूर्वी ऐकायचे तरी. आता बांधावर मंडळी बसली की विश्राम मीठ ओढायची फळी घेऊन लांबच्या वाफ्यात निघून जायचा. त्याने लग्नही केलं नाही. दोन वर्षांनी आई गेली आणि घरात तो एकटा उरला.

त्याच साली ठाण्याहून टपालवाला आला. परदेशी तिकिटांचं पाकीट पाहून अर्धं गाव आगराशी जमलं. वरचं गोल, मोठं अक्षर विश्रामने लांबूनच ओळखलं. आर्ने पिंपांवर खडूने असंच लिहायचा.

"माजा नाय," विश्राम म्हणाला.

टपालवाल्याने पुन्हा विचारलं, विश्राम भोईर तूच ना? तर तो म्हणाला, दुसरा कुणी असेल. पाकीट आलं तसं परत गेलं. पुन्हा कधी पत्र आलं नाही.

शकू डोंबिवलीला सुखात होती. वर्षातून एकदा विश्राम भावाच्या नात्याने जाऊन यायचा. ती त्याच्यासाठी वेगळ्या मडक्यात अळणी रांधायची आणि त्या दिवशी स्वतःही त्याच मडक्यातलं खायची. विश्रामने ते पाहिलं होतं, पण बोलला कधी नाही. अठ्ठ्याण्णव साली तो तिच्याकडे गेला तेव्हा भातकापणी चालू होती. सगळं घर शेतावर, सासरेही. दुपारची वेळ, घरात दोघंच. शकूने त्याला वाढलं, आपलं ताट घेतलं आणि समोर बसली.

"दादूस," ती म्हणाली, "गुरी कशी आसंल रं आता?"

विश्रामचा हात भातात थांबला. त्याने दाराकडे पाहिलं. ओटीवर कुणी नव्हतं, अंगणात कोंबड्या होत्या.

"कोन गुरी?"

"डोंगरावं जिनी माजा नाव घेतला, ती."

तो खाली मान घालून भात कालवू लागला. मग म्हणाला, "तिकरं माजा कुनी नव्हता, शकू." पंचांसमोर हेच बोलताना त्याचा आवाज स्वच्छ होता. या वेळी तो मधेच फुटला.

शकूने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्याने नको म्हटलं नाही.